दिवसभराची भाजी

माझा स्वभाव संशयी आहे, हे मला कुणी सांगायला नको. अंडी घेताना मी दुकानातच खोका उघडून एकेक अंडं फिरवून बघते, आणि दुकानदार बघत असला तर दोनदा बघते. मी शाळेतल्या मुलांचं दुपारचं जेवण करणाऱ्या स्वयंपाकघरात कामाला आहे. आम्ही पाच-सहा जणी ओळीने उभ्या राहून गाजरं, कांदे, कोबी कापतो. डोळे मिटून सुद्धा मी सांगू शकते की कुणाची सुरी चालली आहे. आज कोण घरी भांडून आली आहे, तेही सुरीवरून कळतं. असल्या बाईचा नवरा तीन वर्षं दुसऱ्या गावी एकटा राहत होता, म्हणजे काय झालं असेल ते तुम्हीच बघा.

कंपनीने ह्यांची बदली मात्सुमोतोजवळच्या कारखान्यात केली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या, त्यामुळे मी आमचं कुराशिकी सोडून जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्या गेल्या, मुलगी मिनोरी ओसाकाला नोकरीला लागली, आणि मी सामान बांधायचा विचार करते तोच कंपनी म्हणाली, येत्या मार्चला तुमच्या इनागाकींना परत पाठवतो. असं ती दर मार्चला म्हणते. कंपनीवरही माझा विश्वास नाही.

रोज संध्याकाळी सातला ह्यांचा फोन यायचा आणि मी विचारायचे, "भाजी खाल्लीत का?" पहिलं वर्षभर उत्तर यायचं, "थोडी खाल्ली," नाहीतर, "आज राहिली बघ." एकटा पुरुष, भात लावण्यापलीकडे स्वयंपाकघराशी संबंध नाही, त्याने असंच बोलायला हवं. पण मग कधीतरी उत्तर बदललं. "खाल्ली. दिवसभराची."

"दिवसभराची म्हणजे?"

"म्हणजे माणसाला दिवसाला लागते तेवढी."

रोज तेच, एका दमात. माणसाला दिवसाला भाजी किती लागते हे ह्यांना कधीपासून कळायला लागलं? जन्मभर ताटातला कोबी बाजूला सारणारा माणूस हा. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. त्या घरात कुणीतरी रांधत होतं.

तरी मी गप्प राहिले असते. पण ऑगस्टमध्ये पितरांच्या सणाला हे घरी आले आणि ती पुठ्ठ्याच्या खोक्याची गोष्ट घडली. ह्यांनी फ्रीजमधलं शेवटचं दूध संपवलं, आणि रिकामा खोका माझ्यापुढे ठेवून न देता स्वतः नळाखाली धरला. विसळला. मग खणातून कात्री काढली, खोका बाजूने कापून उघडला, सपाट केला आणि ओट्याच्या कडेला निथळत उभा करून ठेवला. हे सगळं पेपरातल्या बेसबॉलबद्दल बोलता बोलता. माझ्या संसारात ह्या माणसाने चहाचा पेला सुद्धा कधी विसळला नव्हता. मी ओट्याला टेकून त्या खोक्याकडे बघत राहिले. नवऱ्याचा हात कुणीतरी वळवला होता. मला इतक्या वर्षांत जमलं नाही ते कुणालातरी जमलं होतं.

कामावर मी योनेदाला सांगितलं. ती माझ्या शेजारी उभी राहते, घाईने कापते, आणि तिचा शेवटचा तुकडा नेहमी जाड असतो.

"अगं कियोमी," ती म्हणाली, "नवऱ्याच्या शर्टाला लिपस्टिक लागली तर एकवेळ सोडून दे. पण नवरा न सांगता भांडी विसळायला लागला तर समज, पाणी खोलवर मुरलंय."

"तुझं आपलं काहीतरी."

"माझं काय जातंय. तू जाऊन बघ. फोन करून जाऊ नकोस म्हणजे झालं."

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी मी फोन न करता गेले. नवऱ्याला पकडायला निघालेली बाई, पण रिकाम्या हाताने कुणाच्या गावाला कसं जायचं, म्हणून कुराशिकीच्या मिठाईचा एक खोका बरोबर घेतला. गाडीत तो मांडीवर ठेवून मी मनात म्हणत होते, तीच भेटली तर तिच्याच हातात देईन.

शनिवारी दुपारपर्यंत ह्यांचा कारखाना असतो. माझ्याकडे दुसरी किल्ली होती. ह्यांचं भाड्याचं घर गावाबाहेर, शेतांना लागून. दारात पोचले तर दाराला टेकून वर्तमानपत्रात गुंडाळलेले दोन मुळे उभे, माती अजून ओली. नाव नाही, चिठ्ठी नाही. पानं गवताच्या काडीने बांधली होती, दुहेरी गाठ मारून, टोकं आत दडपून. असली गाठ पुरुषाच्या हातची नसते.

घर स्वच्छ होतं, आणि तेच मला खुपलं. फ्रीज उघडला. वरपासून खालपर्यंत भाज्यांच्या रसाचे लहान लहान खोके, नारिंगी आणि जांभळे, सैनिकांसारखे उभे. बाकी एक अंडं आणि मोहरीची नळी. भाजीचं एक पान नाही. ओट्यावर असेच रिकामे खोके कापून, धुऊन, चिमट्यांनी दोरीला वाळत घातले होते. कोपऱ्यात वाळलेल्या खोक्यांची चळत दोऱ्याने बांधून ठेवली होती. मी वाकून बघितलं. दुहेरी गाठ, टोकं आत दडपलेली.

म्हणजे जो हात दारात मुळे ठेवत होता, तोच घरात येऊन खोके बांधत होता.

पण मी कामातली बाई आहे. सुरी शोधली. ती मी स्वतः घेऊन दिली होती, आणि अजून तिच्या पुठ्ठ्याच्या म्यानात होती. कापायची फळी भिंतीला टांगलेली, एक ओरखडा नाही. ह्या घरात कुणी काही कापत नव्हतं. मग मुळे जात कुठे होते? दाराआड माती लागलेली वर्तमानपत्रं घडी करून ठेवलेली, म्हणजे भाज्या नेहमी येत होत्या. शिवाय फडताळात एक झाकणाचा डबा होता, धुतलेला, माझा नव्हे.

मी एक खोका उचलला. समोर मोठ्या अक्षरांत, "दिवसभराची भाजी, एका खोक्यात." तर हे होतं ते. फोनवर रोज मला खोक्यावरची अक्षरं ऐकवली जात होती. त्याखाली, "साखर घातलेली नाही." मी खोका पालथा केला आणि बारीक अक्षरं वाचायला चष्मा लावला. गाजर, टोमॅटो, मग सफरचंदाचा रस, द्राक्षाचा रस, आणि यादीच्या तळाशी शेपटासारख्या बारक्या पालेभाज्या. नळी लावून प्याले. चक्क सरबत. साखर घालायची गरजच काय, सफरचंदाने सगळी सोय केलेली. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा.

आमच्या शाळेतल्या आहारतज्ज्ञ बाई मुलांना एक गंमत दाखवतात. गाजराचा रस पिळून एका वाटीत, राहिलेला चोथा दुसऱ्या वाटीत, आणि विचारतात, गाजर कुठल्या वाटीत आहे? मुलं रसाकडे बोट दाखवतात. बाई म्हणतात, चावायला लागतं ते सगळं ह्या दुसऱ्या वाटीत राहिलं, आणि पोटाला त्याचंच जास्त काम असतं. मग त्या दोन्ही वाट्या मी धुते. रसाची वाटी एका पाण्यात निघते, चोथ्याच्या वाटीला घासावं लागतं.

पण रसाचं नंतर. आधी गाठीचं. डबा एका हातात आणि मिठाई दुसऱ्या हातात घेऊन मी बाहेर पडले.

शेजारच्या शेतात एक म्हातारी मुळे उपटत होती. कमरेत वाकलेली, डोक्याला टापशी बांधलेली. उपटलेल्या मुळ्यांची पानं ती गवताने बांधत होती. मी कुंपणापाशी उभी राहून तिची बोटं बघितली. दुहेरी गाठ. टोकं आत.

"हा डबा तुमचा का?" मी विचारलं. आवाज जरा चढाच लागला.

तिने डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग मिठाईकडे. "माझाच. लोणच्याचा. तुम्ही रसवाल्यांच्या मिसेस का?"

"कोणवाल्यांच्या?"

"इनागाकींच्या हो. आम्ही इथे सगळे त्यांना रसवालेच म्हणतो. तोंडावर नाही म्हणत." ती हात पुसत कुंपणापाशी आली. "मी मोमोसे. या वहिनी, बसा. फार दिवसांनी आलात."

त्या शेवटच्या वाक्यात मला टोमणा दिसला. मी बसले नाही. म्हटलं, "आमच्या घरातले खोके तुम्ही येऊन बांधता का?"

"मी कशाला बांधू? तेच बांधतात. मी शिकवलं फक्त." मोमोसेआजी हसायला लागल्या. "आले तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यांची कचऱ्याची पिशवी गाडीवाल्यांनी उचलली नाही. लाल चिठ्ठी डकवून ठेवून दिली. सगळं एकत्र कोंबलं होतं हो. येणारा-जाणारा बघतोय. रविवारी सकाळी बघते तर दारात उभे, कोट-टाय घालून. मला वाटलं, कोण गेलं की काय. तर कमरेतून वाकून म्हणतात, मला कचरा शिकवा."

मी डबा कुंपणावर ठेवला.

"मग शिकवलं. विसळायचं, कापायचं, वाळवायचं, बांधायचं. गाठ माझ्या आईची. ती काही त्यांना लवकर येईना. अंगणात बसून दिवसभर तेच करत होते."

ह्या माणसाने टाय लावून परक्या बाईपुढे वाकून कचरा शिकून घेतला होता, आणि मला फोनवर त्यातला एक शब्द सांगितला नव्हता. राग आला, आणि तो कुणावर काढावा हे समजेना.

"आणि भाज्या?" मी म्हटलं. "दारात ठेवता त्या जातात कुठे? घरात तर पान नाही."

आजींनी इकडे तिकडे बघितलं. "ते विचारू नका. सगळ्यांना माहीत आहे आणि कुणी बोलत नाही."

"मी त्यांची बायको आहे."

"मग बसा आधी."

मी बसले. आजी म्हणाल्या, "इथे ज्याच्या शेतात जास्त झालं तो दुसऱ्याच्या दारात ठेवतो. त्यांना शिजवता येत नाही, ते आम्हाला काय माहीत. टाकून देता येत नाही, इथली कचऱ्याची पिशवी आरपार दिसणारी. ज्याने मुळा दिला त्याच्याच डोळ्यांसमोर तो कचऱ्यात कसा जाणार? म्हणून ते संध्याकाळी सायकलवर घालून पलीकडच्या रस्त्याला नेतात. तिथे बिनमाणसाची भाजीची मांडणी असते ना, डब्यात पैसे टाका नि न्या, तिथे गुपचूप ठेवून येतात. परवा मी माझाच मुळा तिथे बघितला. गाठीवरून ओळखला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? विकत घेतला. दुसऱ्या कुणी ओळखला असता तर त्यांना अवघड झालं असतं."

मला हसू येत होतं, पण आजींचं संपलं नव्हतं. "आणि घेतलं की परत काहीतरी द्यायला हवं, म्हणून ते आम्हाला रसाची पेटी देतात. मुळ्याला एक पेटी, कोबीला एक पेटी. वहिनी, आमची गाजराची शेती आहे हो. माझ्या कोठीत पेट्यांची भिंत झालीय. नाही कसं म्हणायचं, इतकं वाकून देतात. एकदा पिऊन बघितला. वाईट नाही, गोड आहे. गाजर मात्र कुठे लागलं नाही."

ज्यांनी गाजरं पिकवली त्यांनाच गाजराचा रस पेटीत बांधून परत. आमच्या ह्यांना हे असंच जमतं. मी मिठाईचा खोका दोन्ही हातांनी पुढे केला आणि वाकून म्हटलं, "आमच्या ह्यांच्याकडे तुम्ही फार लक्ष दिलंत."

"लक्ष कसलं. ती खिडकी समोरच आहे, दिसतंच." आजींनी ह्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे हनुवटी केली. "रोज संध्याकाळी तिथे उभे राहून खोका पितात. डोळे मिटून, औषधासारखा. कधी कधी लागोपाठ दोन. तोंड पुसतात आणि मग फोन लावतात. आम्हाला वाटायचं, डॉक्टरांना सांगतात."

साप साप म्हणून मी भुई धोपटत आले होते. ते डॉक्टर म्हणजे मी.

हे दुपारी आले. मला दारात बघून त्यांच्या हातातली पिशवी खाली आली. "कोण गेलं?"

"कुणी गेलेलं नाही. आत या."

ओट्यावर मी ते खोके ओळीने मांडून ठेवले होते, पोलीस जप्तीचा माल मांडतात तसे. "अहो, दिवसाला किती?"

ते बूट काढता काढता थांबले. "आधी एक होता. मग दोन. हल्ली तीन."

"एकात दिवसभराची, तर तीन दिवसांची भाजी एका दिवसात कशाला?"

त्यांनी दुसरा बूट काढून सरळ लावला. मग म्हणाले, "वसंतातल्या तपासणीत रक्तातली साखर जास्त निघाली. डॉक्टर म्हणाले, भाज्या वाढवा. म्हणून वाढवल्या."

"आणि मग?"

"परवा परत तपासली. अजून वर गेलीय." ते खरोखर गोंधळलेले दिसत होते. "पथ्य तर मी नीट पाळतोय. एक दिवस चुकला नाही."

मी चष्मा त्यांच्या नाकावर बसवला आणि खोका पालथा करून त्यांच्या डोळ्यांपुढे धरला. "वाचा."

त्यांनी वाचलं. सफरचंदापाशी थांबले. द्राक्षापाशी परत थांबले. "पण समोर लिहिलंय की," ते म्हणाले.

"समोर काय, कुणीही काहीही लिहील. विष नाही हो ते. तहान लागली तर घ्या एखादा. पण भाजी म्हणून तीन-तीन ढोसायचे आणि वर साखर का वाढली म्हणून डोकं धरायचं? भाजीतलं गोड तेवढं त्यात आलंय, वर फळांचं गोड, आणि चावायचं होतं ते राहिलं रसाच्या कारखान्यात."

"मला काय माहीत."

"मला विचारायचं होतं. रोज फोन करत होतात ना?"

ते खोके उचलून परत सरळ रांगेत लावायला लागले. "तू रोज एकच विचारतेस," ते म्हणाले. "भाजी खाल्ली का. नाही म्हटलं की तुझा आवाज पडायचा. मग पुढे कुणीच काही बोलायचं नाही. खोटं बोलणं मला जमत नाही, तुला माहीत आहे. तर दुकानात हा दिसला. हा पिऊन सांगितलं तर खोटं होत नाही."

माझ्या सगळ्या संशयांची तयारी होती. कोण, कधीपासून, किती पुढे गेलं आहे. ह्या उत्तराची मात्र नव्हती. मी नळ सोडला आणि मुळे धुवायला घेतले, कारण तोंड फिरवायला काहीतरी लागत होतं.

मग सुरी म्यानातून काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती पेन्सिलीसारखी धरली. कारखान्यात शतांश मिलिमीटरवर भांडणारा माणूस, मुळ्याच्या एका चकतीचा अर्धा भाग अंगठ्याएवढा आणि अर्धा कागदाएवढा. मी त्यांची बोटं आत वळवली. अशी धरा, नखं पुढे नको, बोटाचं पेर पुढे. मिसोच्या सूपमध्ये त्या चकत्या काही शिजल्या, काही कच्च्या राहिल्या, आणि ह्यांनी दोन वाट्या खाल्ल्या. नंतर भांडी त्यांनीच विसळली. मी बघत राहिले.

रविवारी मी निघाले. मोमोसेआजींच्या कोठीतल्या पेट्यांबद्दल मी तिथेच ठरवून टाकलं होतं. इथून पुढे परतफेड म्हणून रस नाही, हवं तर जाऊन गाजरं उपटायला हात लावा. स्टेशनवर मी ह्यांना म्हटलं, "आता तुमच्या शब्दावर माझा विश्वास नाही. रोज संध्याकाळी फोन फळीजवळ ठेवायचा. मला कापताना ऐकू आलं पाहिजे."

"ऐकून तुला काय कळणार?"

"मला सगळं कळतं."

सोमवारी सातला फोन वाजला. हे म्हणाले, "ठेवतो फळीजवळ." मी खुर्ची ओढून बसले आणि डोळे मिटले. संशय असा एका दिवसात जात नाही. आजींनी येऊन कापून दिलं तरी मला कळणार होतं.

टक्. मग बराच वेळ काहीच नाही. मग फळीवर काहीतरी सरकल्याचा आवाज. टक्. परत शांतता. एक तुकडा जमिनीवर पडला, त्यांनी वाकून उचलला असावा, श्वास ऐकू आला. नळ सुरू झाला, बंद झाला. टक्. मी दुसऱ्या आवाजासाठी कान टवकारून बसले होते. कुणाची चप्पल, कुणाचा खोकला, बाजूला हो म्हणणारं कुणी. फ्रीजच्या घरघरीशिवाय त्या घरात काही नव्हतं. इतकी अडखळणारी सुरी मी आमच्या स्वयंपाकघरात पहिल्या दिवशी आलेल्या पोरीची सुद्धा ऐकलेली नाही. ती हातातून घेणारं कुणीही तिथे नव्हतं, तीन वर्षांत कधीच नव्हतं.

इतके दिवस मला हाच पुरावा हवा होता. तो मिळाला आणि मला रडू फुटलं. क्षणभर वाटलं, कुणीतरी असायला हवी होती.

"अगं, आहेस ना?" ह्यांचा आवाज लांबून आला.

"आहे. बोटं आत घ्या. हळू कापा, घाई नाही."

टक्. टक्. मग ते थांबले.

"आज विचारलं नाहीस."

"ऐकतेय," मी म्हटलं.